बालशिक्षिकांचे दूरशिक्षण

बालशिक्षिकांचे दूरशिक्षण : तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षिकांनी आपले काम व संसार न सोडता, टपालाने येणारी पाठ्यपुस्तके, स्वाध्याय, अधूनमधून भरणारी संपर्कसत्रे आणि परीक्षा यांच्या आधारे घेतलेले व्यावसायिक शिक्षण. बालवाडी, शिशुवर्ग, बालमंदिर, अंगणवाडी अशी निरनिराळी नावे असलेल्या संस्थांत काम करणाऱ्या बहुतेक व्यक्ती स्त्रिया असल्याने या विषयाचा इतिहास स्त्रीशिक्षणाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. महाराष्ट्रात त्याचे दोन प्रवाह आढळतात. बालशिक्षणाचा प्रवाह प्रत्यक्ष हाताळणीवर आणि निरीक्षणावर भर देणारा. दूरशिक्षणाचा प्रवाह छापील मजकुरावर उभा. हे दोन्ही प्रवाह दीर्घकाळ समांतर वाहिले आणि फार उशिरा, तेही अर्धवट, एकत्र आले. कोल्हापूर जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात या दोन्हींचे धागे स्पष्टपणे दिसतात.

पूर्वपीठिका : कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा जाहीर केला. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. तत्कालीन हिंदुस्थानात हे पाऊल धाडसाचे होते, यात शंका नाही. तथापि त्याची वयोमर्यादा सातव्या वर्षापासून सुरू होत असे. सात वर्षांखालील मूल आईचे, आजीचे किंवा थोरल्या बहिणीचे, सरकारचे नव्हे, असा त्या काळचा सर्वमान्य समज होता. मुलींच्या शाळांसाठी मात्र संस्थानाला शिक्षिका हव्या होत्या. मुलींच्या शाळांचे अधीक्षकपद शाहू महाराजांच्या कारकिर्दीत रखमाबाई केळवकर यांच्याकडे होते. स्त्रीने शिकून शिक्षिका व्हावे व दरबारची नोकरी करावी, ही कल्पना या शहरात अशा रीतीने लवकर रुजली. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असल्याने तिची शाळा बुडते, ही अडचण सक्तीचे शिक्षण राबविणाऱ्या सर्वांना पुढे ठिकठिकाणी भेडसावली. लहानग्यांना सांभाळणारी जागा असल्याखेरीज मोठ्यांची शाळा भरत नाही, हे बालवाडीचे पहिले व्यावहारिक समर्थन होय. बालमानसशास्त्राचे समर्थन नंतर आले.

मराठी मुलखात शिशुशिक्षणाची शास्त्रीय ओळख प्रथम करून देणाऱ्यांत पंडिता रमाबाई यांचे नाव घ्यावे लागते. अमेरिकेतील वास्तव्यात (१८८६–८८) त्यांनी फ्रबेल याच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढल्यावर ती पद्धत उपयोगात आणण्याचा प्रयत्न केला. विधवा स्त्रीला सन्मानाने जगता येईल असा व्यवसाय म्हणजे लहान मुलांना शिकविणे, हे त्यामागील गणित होते. पुढील शंभर वर्षे या व्यवसायात आलेल्या असंख्य स्त्रिया याच वाटेने आल्या. दुसरी वाट धोंडो केशव कर्वे यांनी मोकळी केली. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठाने मराठी माध्यमातून उच्च शिक्षण दिले आणि महाविद्यालयात हजर राहू न शकणाऱ्या स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा दिली. बहिःस्थ विद्यार्थिनींची ही सोय मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेच्या कितीतरी आधीची आहे. पाठ पाठविण्याची व्यवस्था तीत नव्हती. विद्यार्थिनीला पुस्तके स्वतः मिळवावी लागत व शंका स्वतःच सोडवाव्या लागत. तरीही चूल-मूल सांभाळून पदवी घेता येते, हे या सोयीने दाखवून दिले.

बालशिक्षणाची चळवळ व तिचे अध्यापनवर्ग : गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. शिशुविहाराला जोडूनच शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिर चालविण्यात आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बालशाळा आणि अध्यापनवर्ग एकाच छपराखाली असावेत, उमेदवार शिक्षिकेने सकाळी मुलांत बसावे आणि दुपारी त्याविषयी बोलावे, असा हा क्रम होता. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून डॉ. मारिया माँटेसरी मद्रास येथे आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. या काळात त्यांनी घेतलेल्या वर्गांची धाटणीही अशीच होती. साधन हातात घ्यावे, ते कसे मांडावे याची पुनःपुन्हा तालीम करावी, मुलाकडे न बोलता तासन्‌तास पाहावे आणि पाहिलेले लिहून काढावे. ही विद्या पत्राने पाठविता येईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे.

तथापि चळवळीने एक गोष्ट केली, तिला दूरशिक्षणाचे बीज म्हणता येईल. ताराबाईंनी शिक्षणपत्रिका हे मासिक १९३० च्या दशकापासून मराठीत चालविले. तालुक्याच्या गावी एकटीने बालवर्ग चालविणाऱ्या शिक्षिकेला त्यातून गोष्टी, खेळ, साधने तयार करण्याच्या युक्ती व मुलांच्या वागण्यासंबंधीचे विवेचन घरपोच मिळे. परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. परंतु शिकणे निश्चित होते. मराठी बालशिक्षिकेचे पहिले पत्रद्वारा पाठ्यपुस्तक कोणते, असे विचारल्यास या मासिकाचे अंक दाखवावे लागतील. त्याकडे इतिहासकारांचे जेवढे लक्ष जावयास हवे होते, तेवढे गेलेले नाही.

१९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या परदेशी साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने आणि काड्या वापरणारी बालवाडी येथे आकारास आली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच पाड्यावरील अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निर्माण झाली. या कामात ताराबाईंच्या सहकारी असलेल्या अनुताई वाघ (१९१०–९२) यांचे स्वतःचे शिक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. बालविधवा झालेल्या अनुताईंनी नोकरी करीत रात्रशाळेतून १९३७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली व बालवाडीचे काम चालू असतानाच १९६१ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, पदवी मिळविली. ज्या क्षेत्रात त्यांचा अधिकार देशभर मान्य झाला होता, त्या क्षेत्राची पदवी मात्र तेव्हा कोठेच नव्हती. बालशिक्षिकेचे ज्ञान आणि विद्यापीठाची प्रमाणपत्रे यांच्यातील हे अंतर पुढेही कमी झाले नाही.

शासन, आयोग व अंगणवाडी : १९४४ च्या सार्जंट अहवालाने शिशुशाळांमध्ये दहा लाख मुलांची सोय करावी, असे सुचविले होते. स्वातंत्र्यानंतर ती शिफारस कागदावर राहिली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) तीन ते पाच वर्षे वयोगटातील ५ टक्के मुले १९८६ पर्यंत बालशाळेत यावीत, असे माफक उद्दिष्ट ठेवले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक (१९०७–८१) हे कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. कोल्हापूर संस्थानात विकासकामाचा अनुभव घेतलेल्या नाईकांच्या प्रयत्नांतून भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे मौनी विद्यापीठ उभे राहिले होते. ग्रामीण भागातील काम न सोडता शिक्षण घेता आले पाहिजे, हा आग्रह त्यांच्या लेखनात सातत्याने आढळतो. पत्रद्वारा शिक्षणाचा विस्तार करावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने केली, तीत ही दृष्टी दिसते. परंतु आयोगाच्या अहवालात बालशिक्षण एका प्रकरणात आणि पत्रद्वारा शिक्षण दुसऱ्या प्रकरणात राहिले. दोहोंची गाठ घालण्याचे कोणाला सुचले नाही.

तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९६१–६६) बालसेविकांना निवासी प्रशिक्षण देण्याचे कार्यक्रम सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत कार्यान्वित झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी हा त्यांपैकी एक होय. अंगणवाडी हा शब्द कोसबाडहून दिल्लीला गेला आणि देशभर पसरला. मात्र शब्दाबरोबर कोसबाडची तयारी गेली नाही. अंगणवाडी सेविकेकडे पूरक आहार, लसीकरणास साहाय्य, वजनाच्या नोंदी, गरोदर मातांची भेट आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशी अनेक कामे आली. प्रशिक्षण मात्र काही आठवड्यांचे. तिला वेतन नव्हे तर मानधन मिळे. अंगणवाडी सेविका नागरी सेवेतील पद धारण करीत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदान कायद्याचा लाभ मिळण्याचा हक्क मान्य केला. या सोळा वर्षांत तिचे काम तेच होते. कायद्याची तिच्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलली. पदविका किंवा पदवी हाती असावी, ही ओढ या अनिश्चिततेतून येते. शिकण्याची हौस त्यात असतेच. पण आपल्या कामाला कोणीतरी काम म्हणावे, ही इच्छा त्याहून प्रबळ असते.

पत्रद्वारा अध्यापक-शिक्षण : टपालाने शिकविण्याची प्रथा इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन याने १८४० मध्ये लघुलेखनाचे पाठ पाठवून पाडली, असे मानले जाते. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पदवीचा पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. शिक्षकांच्या बाबतीत आरंभीचा सुविचारित प्रयोग राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालयांनी १९६६ पासून केला. नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांनी दोन उन्हाळी सुट्यांत प्रत्यक्ष वर्गांना हजर राहावे आणि मधल्या काळात टपालाने येणारे पाठ सोडवावेत, अशी ती योजना होती. माध्यमिक शिक्षकांसाठीच ती होती. बालशिक्षिका तीत नव्हत्या. पुढे काही विद्यापीठांनी पत्रद्वारा बी.एड.चा अक्षरशः बाजार मांडला. वर्गात पाऊल न टाकता शिक्षक होण्याची पदवी मिळू लागली. शालेय मुलांवरील ओझ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्ये पत्रद्वारा बी.एड.ची मान्यता काढून घ्यावी, असे स्पष्ट शब्दांत सुचविले. त्याच वर्षी राष्ट्रीय अध्यापक-शिक्षण परिषदेचा कायदा संमत झाला आणि नोकरीतील शिक्षकांपुरतेच दूरशिक्षण मर्यादित ठेवण्याचे धोरण आले. बाजार करणाऱ्यांना शासन झाले हे योग्यच. पण त्या कडक नियमांचा फटका ज्यांना दूरशिक्षणाची खरी गरज होती, त्यांनाही बसला.

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे झाली. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. देशात यापूर्वी १९८२ मध्ये हैदराबाद येथे पहिले मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले होते. त्या सर्वांपुढे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा आदर्श होता. नाशिकच्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य दोन गोष्टींत आहे. एक, त्याने मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार करून घेतली आणि समंत्रक, अभ्यासकेंद्र, श्रेयांक, संपर्कसत्र अशी परिभाषा रूढ केली. दोन, बारावी न झालेल्या प्रौढाला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीकडे जाण्याची वाट त्याने त्या काळी खुली ठेवली. सातवी किंवा नववीतून लग्नामुळे शाळा सुटलेल्या आणि नंतर गावात बालवाडी चालविणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट मोलाची होती. विद्यापीठाचे एक विभागीय केंद्र कोल्हापूर येथे आहे. शिवाजी विद्यापीठाने (स्थापना १९६२) देखील पुढे दूरशिक्षणाचे केंद्र काढले. त्यातून कला, वाणिज्य अशा शाखांच्या पदव्यांची सोय झाली. त्यामुळे कोल्हापूरच्या बालशिक्षिकेला पदवी घेणे सुकर झाले. पण ती पदवी मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्राची असे. दिवसभर तीन वर्षांच्या मुलांत वावरणारी स्त्री रात्री अर्थशास्त्राचे स्वाध्याय लिहीत बसली, तर त्यात तिचा दोष नाही. तिच्या कामाची पदवी कोणी मांडलीच नव्हती.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ही उणीव काही अंशी भरून काढली. त्याने १९९० च्या दशकात प्रारंभिक बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षण या विषयाची पदविका सुरू केली. बारावी उत्तीर्ण व्यक्तीला प्रवेश, बालसंगोपन केंद्रांचे संघटन, बालआरोग्य व पोषण, मुलांसाठीच्या सेवा व कार्यक्रम असे विषय आणि प्रत्यक्ष मुलांबरोबर करावयाचे प्रकल्पकार्य, असा तिचा आराखडा आहे. हिंदी व इंग्रजी माध्यमांतून ती शिकविली जाऊ लागली. एकूण ३२ श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यानुसार ९६० तास होतात. वर्षाचे ३२० दिवस अभ्यासाचे धरले, तरी रोज तीन तास. सकाळी पाणी भरून, डबे करून कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा स्वयंपाकाला लागणाऱ्या स्त्रीने हे तीन तास कोठून आणावयाचे, याचा हिशेब कोणत्याही माहितीपुस्तकात नसतो. म्हणून एक वर्षाचा अभ्यासक्रम अधिक वर्षांत पुरा करण्याची सवलत ही दूरशिक्षणातील सर्वांत महत्त्वाची तरतूद होय. सवलतीचा उपयोग करणाऱ्या विद्यार्थिनीला मागे पडलेली समजणे अन्यायाचे आहे.

अध्ययनाची रीत व तिचे गुणदोष : दूरशिक्षणातील विद्यार्थिनीला प्रवेशानंतर पुस्तकांचा संच मिळतो. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न आणि शेवटी उत्तरे, अशी या पुस्तकांची बांधणी असते. शिक्षक समोर नसल्याने पुस्तकानेच शिक्षकाचे बोलणे बोलावे, असा त्यामागील हेतू आहे. ठरावीक मुदतीत स्वाध्याय लिहून अभ्यासकेंद्रावर द्यावे लागतात. संपर्कसत्रे बहुधा रविवारी किंवा सुटीच्या दिवसांत भरतात. कोल्हापूर शहरातील केंद्रावर करवीर, कागल किंवा हातकणंगले तालुक्यातील विद्यार्थिनी सकाळच्या एस.टी.ने येऊन सायंकाळी परत जाऊ शकते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी किंवा चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरून येणारीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना आणि पंचगंगेला पूर आल्याने रस्ते बंद असताना संपर्कसत्राची उपस्थिती हा शब्द पोकळ ठरतो. २०१९ व २०२१ च्या महापुरात याचा प्रत्यय सर्वांनाच आला.

दूरशिक्षणाने बालशिक्षिका घडविता येत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मुलाच्या रडण्याचा अर्थ, भांडणात केव्हा पडावे व केव्हा दूर राहावे, गोष्ट सांगताना आवाज कोठे खाली आणावा, हे पुस्तकात वाचून येत नाही, असे आक्षेपक म्हणतात. म्हणणे खरे आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थिनीपुढे प्राध्यापक रोज असतात, मुले मात्र सरावपाठाच्या मोजक्या दिवसांपुरती. दूरशिक्षण घेणाऱ्या सेविकेपुढे वीस-पंचवीस मुले रोज असतात. तिला नसतो तो तिच्याकडे पाहणारा जाणता डोळा. म्हणजे एकीला मुलांची उणीव आणि दुसरीला निरीक्षकाची. पहिली उणीव भरून काढण्यासाठी महाविद्यालयाला शाळा जोडतात. दुसरी भरून काढण्यासाठी कोणीतरी अंगणवाडीच्या दाराशी जाऊन अर्धा दिवस बसले पाहिजे. हे खर्चाचे व कष्टाचे काम आहे आणि दूरशिक्षण स्वस्त असते या समजुतीमुळे नेमके तेच टाळले जाते. प्रकल्पकार्याची वही मग घरी बसून भरली जाते. रंगीत कागदाची फुले, तोरणे आणि तक्ते यांनी ती सजते. मुलाविषयीचे एकही निरीक्षण तीत आढळत नाही. परीक्षकालाही सजावट तपासणे सोपे जाते.

निरीक्षणाची सवय लावता येते, याचा पुरावा कोल्हापुरातच आहे. अध्यापक-शिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेल्या लीलाताई पाटील (१९२७–२०२०) यांनी १९८५ मध्ये येथे सृजन आनंद विद्यालय ही प्राथमिक शाळा सुरू केली. मातृभाषेतून, परिसरातील अनुभवांवर आधारित आणि भीतिमुक्त शिक्षण हे तिचे सूत्र. शाळा प्राथमिक असल्याने ती काटेकोर अर्थाने प्रस्तुत विषयात येत नाही. पण शिक्षकाने आपल्या कामाची नोंद ठेवावी, तिच्यावर सहकाऱ्यांशी चर्चा करावी व त्यातून पुढचे नियोजन करावे, हा प्रघात तेथे रुजविला गेला. आपल्या प्रयोगांविषयी लीलाताईंनी विपुल लेखन केले. शिक्षण देता घेता यासारखी त्यांची पुस्तके महाराष्ट्रभरच्या शिक्षकांनी वाचली. ज्यांना कोल्हापूरला येता आले नाही, त्यांच्यापर्यंत ही शाळा पुस्तकांतून पोहोचली. ताराबाईंच्या मासिकाने केलेले काम येथे वेगळ्या रीतीने पुढे चालले, असे म्हणता येईल. विद्यापीठांच्या दूरशिक्षण-पुस्तकांत अशा नोंदींचे नमुने क्वचितच आढळतात. व्याख्या व वर्गीकरणे मात्र भरपूर. बालशिक्षणाची पुस्तके लिहिणारा बालवाडीत बसलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. पुस्तकी मराठीत भाषांतरित झालेली मानसशास्त्राची परिभाषा घाटावरील खेड्यातील सेविकेला परकी वाटते. ‘संवेदन-कारक विकास’ हे शब्द पाठ करून ती उत्तर लिहिते. पण मुलाला धान्य निवडायला बसविले की बोटांना वळण लागते, हे तिला आधीपासून माहीत असते. या दोन गोष्टी एकच आहेत, हे तिला कोणी सांगत नाही. जात्यावरच्या ओव्या, बडबडगीते, भातुकली, सागरगोटे, बैलपोळ्याचे मातीचे बैल ही तिच्या परिसरातील साधने अभ्यासक्रमाच्या बाहेर राहतात. सीमाभागालगतच्या गडहिंग्लज, शिरोळ, चंदगड या तालुक्यांत घरी कानडी बोलणारी मुलेही बालवाडीत असतात आणि शिक्षिका दोन्ही भाषांतून सहज ये-जा करते. बहुभाषिक वर्गाविषयी जगभर जे लिहिले जात आहे, ते ती नकळत करीत असते. तिच्या उत्तरपत्रिकेत मात्र त्याला गुण नसतात.

अलीकडील धोरण : २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र राज्याने प्रयत्न करावा, एवढेच मार्गदर्शक तत्त्व ठेवले. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्यातही तीन ते सहा वयोगटाची तरतूद ऐच्छिक स्वरूपाची आहे. २०१३ मध्ये या वयोगटासंबंधीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. राष्ट्रीय अध्यापक-शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका समाविष्ट करण्यात आली. पण ती नियमित उपस्थितीची. दूरशिक्षणाची वाट त्या विनियमांनी प्राथमिक शिक्षकाची पदविका आणि बी.एड. या दोन अभ्यासक्रमांपुरतीच, तीही सेवेतील शिक्षकांसाठी, खुली ठेवली. परिणामी मुक्त विद्यापीठाची बालशिक्षणाची पदविका घेतलेली स्त्री शिकलेली असते. परंतु परिषदेने ठरविलेल्या अर्थाने प्रशिक्षित शिक्षिका ठरत नाही. जाहिरात वाचून प्रवेश घेणाऱ्या किती जणींना हा भेद आधी समजावून सांगितला जातो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. काटकसरीने साठविलेले शुल्क आणि दोन-तीन वर्षांच्या रात्री खर्ची पडल्यावर तो समजतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आणि बालशिक्षणाला प्रथमच शालेय रचनेत स्थान दिले. बारावी किंवा अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका त्यात सुचविण्यात आली आहे. हे दोन्ही अभ्यासक्रम दूरचित्रवाणी वाहिन्या व स्मार्टफोन यांच्या साहाय्याने दूरशिक्षण पद्धतीने चालवावेत, सेविकांच्या चालू कामात कमीत कमी व्यत्यय यावा आणि महिन्यातून किमान एकदा संपर्कवर्ग भरावा, असे धोरण सांगते. बालशिक्षण आणि दूरशिक्षण हे दोन प्रवाह शासकीय दस्तऐवजात एवढ्या स्पष्टपणे येथे एकत्र आलेले दिसतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला आणि मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याआधीच ‘आकार’ हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम वापरात आला होता. २०२०–२१ मधील साथीच्या काळात मुले घरी आणि सेविका भ्रमणध्वनीवर, अशी स्थिती आल्याने पडद्यावरून शिकणे त्यांना अपरिचित राहिले नाही. एकाच भ्रमणध्वनीवर आहाराच्या नोंदी, वरिष्ठांचे संदेश आणि स्वतःचा अभ्यास येतो. त्यांत पहिल्या दोहोंना मुदत असते, तिसऱ्याला नसते.

पदवीच्या पातळीवरील चित्र अद्याप अस्थिर आहे. २०२३–२४ पासून निवडक संस्थांत सुरू झालेल्या चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक-शिक्षण अभ्यासक्रमात पायाभूत स्तराचे शिक्षक तयार करण्याची तरतूद आहे. पण त्याला बारावीनंतर पूर्णवेळ उपस्थित राहावे लागते. अठरा वर्षांच्या मुलीसाठी तो आहे. वीस वर्षे बालवाडी चालविलेल्या, मुले मोठी झाल्यावर स्वतःच्या शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या चाळिशीतील स्त्रीसाठी त्याच दर्जाची, मराठीतून आणि घरी राहून घेता येईल अशी पदवी कशी असावी, तिच्या अनुभवाला किती श्रेयांक द्यावेत आणि तिच्या वर्गात येऊन बसणारा निरीक्षक कोणत्या संस्थेने पाठवावा, या गोष्टी विनियमांत अजून लिहिल्या गेलेल्या नाहीत. मासिक संपर्कवर्गांची व देखरेखीची जबाबदारी धोरणाने शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांकडे सोपविली आहे. अंगणवाड्या मात्र महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत आहेत.